औंढ्याचं लायगो, वसमतची हळद आणि गावचा नळ: पाइपलाइनला कोणता व्हॉल्व्ह बसवायचा, हे ठरतं कसं?

हिंगोली जिल्ह्यातल्या तीन पाइपलाइन डोळ्यांसमोर आणा.

पहिली औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहणार आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन प्रचंड नळ्या, इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या काटकोनात. त्यांच्यातून पाणी, तेल, वायू यांपैकी काहीच वाहणार नाही. आतली हवासुद्धा काढून टाकायची आहे. हा लायगो-इंडिया प्रकल्प.

दुसरी पाइपलाइन हळदीच्या हंगामात वसमत परिसरात शेताच्या कडेला दिसते. खाली जाळ, वर पाण्याची टाकी, आणि तिथून निघालेली वाफ पाइपातून हळद भरलेल्या ड्रममध्ये जाते.

तिसरी तुमच्या गल्लीत जमिनीखाली आहे. एक दिवसाआड, चार दिवसांआड किंवा आठवड्यातून एकदा तिच्यातून पाणी येतं.

तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येकीवर व्हॉल्व्ह आहेत. गावाकडे आपण त्याला 'वॉल' म्हणतो, लहान असेल तर 'कॉक' म्हणतो. एकीतला व्हॉल्व्ह चुकला तर देशाचा विज्ञान प्रकल्प अडकू शकतो, दुसरीतला चुकला तर माणूस भाजू शकतो आणि तिसरीतला चुकला तर अख्ख्या गावाच्या पोटात घाण पाणी जाऊ शकतं.

तरीही व्हॉल्व्ह विकत घेताना बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारले जातात: "किती इंची?" आणि "कितीला?" हे दोन प्रश्न पुरेसे का नाहीत, ते या तीन पाइपलाइनच्या मदतीने समजून घेऊया.

व्हॉल्व्ह नेमकं काय काम करतो?

पाइपलाइनवरच्या व्हॉल्व्हची कामं ढोबळमानाने चार.

• चालू-बंद करणं. पाइप पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. यासाठी गेट व्हॉल्व्ह असतो. पाणीपुरवठ्याच्या कामात त्यालाच स्लुईस व्हॉल्व्ह म्हणतात. लहान लाइनवर बॉल व्हॉल्व्ह, मोठ्या व्यासावर बटरफ्लाय व्हॉल्व्हही चालतो.

• प्रवाह कमी-जास्त करणं. यासाठी ग्लोब व्हॉल्व्ह किंवा खास नियंत्रणासाठी बनवलेले व्हॉल्व्ह असतात.

• एकाच दिशेने जाऊ देणं. हा एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. विहिरीत सक्शन पाइपच्या टोकाला असलेला फूट व्हॉल्व्ह याच कुटुंबातला.

• जास्तीचा दाब बाहेर सोडणं. हा सेफ्टी व्हॉल्व्ह. तो कुणी हाताने उघडायचा नसतो, ठरलेल्या दाबाला तो स्वतःहून उघडला पाहिजे.

बाहेरून हे सगळे जवळपास सारखेच दिसतात. लोखंडी पोट, दोन बाजूंना फ्लँज, वर चाक किंवा दांडा. पण आतली रचना पूर्ण वेगळी असते. गेट व्हॉल्व्हमध्ये एक पाट खाली-वर सरकतो. बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार भोक असलेला गोळा पाव फेरा फिरतो. बटरफ्लायमध्ये एक गोल चकती आपल्या आसाभोवती फिरते, आणि व्हॉल्व्ह उघडा असतानाही ती पाइपाच्या मधोमध उभीच असते. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये प्रवाहाला वळण घेऊन जावं लागतं, त्यामुळे दाब थोडा खर्च होतो, पण प्रवाहावर ताबा चांगला राहतो.

म्हणजे पहिला प्रश्न हा: या जागी व्हॉल्व्हने चारपैकी कोणतं काम करायचं आहे?

औंढ्यात इतका मोठा गेट व्हॉल्व्ह कशाला लागतो?

आधी प्रकल्प थोडक्यात. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी टिपल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही बातमी जाहीर झाली आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी दिली. पुढे ६ एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली आणि ११ मे २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. २०३० पर्यंत काम पूर्ण करण्याचं उद्दिष्ट आहे. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचं बांधकाम संचालनालय अशा चार संस्था या कामात आहेत.

लायगोच्या नळ्यांमधून लेझरचा किरण चार किलोमीटर जातो, आरशावर आदळून परत येतो. गुरुत्वीय लहर आली की दोन बाहूंच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक पडतो. तो मोजायचा तर किरणाच्या वाटेत हवेचे रेणू नकोत. म्हणून नळ्यांमधला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या हिश्शापर्यंत खाली आणावा लागतो. यालाच अतिनिर्वात म्हणतात.

अमेरिकेतल्या लायगोचं उदाहरण घ्या. तिथल्या नळ्यांचा व्यास सुमारे १.२ मीटर आहे आणि एका वेधशाळेतल्या निर्वात जागेचं एकूण आकारमान सुमारे १०,००० घनमीटर. धातूच्या अंगाला चिकटलेले वायू बाहेर पडावेत म्हणून नळ्या सुमारे ३० दिवस १५० ते १७० अंश तापवल्या गेल्या. हवा पूर्ण उपसायला सुमारे ४० दिवस लागले.

आता विचार करा, टोकाच्या कक्षातला एखादा आरसा किंवा उपकरण दुरुस्त करायचं आहे. त्यासाठी कक्ष उघडावा लागणार, म्हणजे हवा आत येणार. प्रत्येक वेळी चार किलोमीटरच्या नळीत हवा भरू दिली तर महिनोनमहिने वाया जातील. म्हणून नळीच्या दोन्ही टोकांना भलेमोठे व्हॉल्व्ह बसवतात. ते बंद करायचे, फक्त कक्ष उघडायचा, काम झालं की कक्षातली हवा उपसायची आणि व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचे.

इथे कोणता व्हॉल्व्ह चालेल?

बटरफ्लाय स्वस्त आणि हलका, पण त्याची चकती उघड्या स्थितीतही मध्येच उभी. लेझरच्या वाटेत ती चालणार नाही. ग्लोबमध्ये वाट वळणाची, प्रकाश सरळ जातो. बॉल व्हॉल्व्हमधून वाट सरळ मिळते, पण सव्वा मीटर व्यासाचा गोळा म्हणजे प्रचंड वजन. शिवाय गोळा आणि बाहेरचं पोट यांच्या फटीत हवा अडकून राहते आणि नंतर हळूहळू सुटत राहते. उरतो गेट व्हॉल्व्ह. उघडला की त्याचा पाट वाटेतून पूर्ण बाजूला जातो.

आता त्याच्यावर येणारा जोर बघा. १.२ मीटर व्यासाच्या पाटाचं क्षेत्रफळ साधारण १.१३ चौरस मीटर. एका बाजूला निर्वात आणि दुसऱ्या बाजूला औंढ्याची हवा असेल, तर पाटावर सुमारे ११ टनांचा भार येतो. म्हणून असा व्हॉल्व्ह एका बाजूला हवा असताना उघडत नाहीत. आधी दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा करतात, मग पाट सरकवतात.

सीलचाही प्रश्न आहे. पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची सील उत्तम काम करते. अतिनिर्वातात मात्र साधं रबर स्वतःच वायू सोडतं आणि त्याच्यातून हवाही अगदी थोडी झिरपते. म्हणून तिथे धातूची सील किंवा खास प्रकारच्या रबराच्या दोन रिंगा वापरतात, आणि त्या दोन रिंगांमधली जागाही पंपाने रिकामी ठेवतात.

म्हणजे 'बंद' या शब्दाचा अर्थ जागेनुसार बदलतो. गावच्या लाइनवर मिनिटाला चार थेंब गळले तर 'बंद आहे' म्हणून चालून जातं. औंढ्यात काही रेणूंची गळतीही मोजली जाते. हा आपला दुसरा प्रश्न: बंद म्हणजे किती बंद?

निर्वात हा प्रकार हिंगोलीला अगदी नवीन नाही बरं का. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून साखरेचे दाणे तयार करतात ते पॅनही निर्वातावरच चालतात. त्यामुळे आतलं मिश्रण १०० अंशांऐवजी ६०-७० अंशांतच उकळतं आणि साखर करपत नाही. पण तिथला निर्वात औंढ्याच्या तुलनेत अगदी साधा, त्यामुळे तिथले व्हॉल्व्हही वेगळे. तिथे अडचण गळतीपेक्षा घट्ट, चिकट मालाची असते. असा माल व्हॉल्व्हच्या खाचेत बसला की पाट अडकतो. पाइपातून नेमकं काय वाहतं, हा तिसरा प्रश्न इथून येतो.

हळदीच्या कुकरवर सगळ्यात महत्त्वाचा व्हॉल्व्ह कोणता?

हिंगोली म्हणजे हळद. इथलं संत नामदेव मार्केट यार्ड हळदीसाठी ओळखलं जातं आणि वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

काढणीनंतर हळद शिजवावी लागते. पूर्वी ती मोठ्या कढईत, काहिलीत शिजवत. आता बऱ्याच ठिकाणी वाफेचे कुकर आले आहेत. एका टाकीत पाणी उकळायचं, वाफ पाइपाने दोन-चार ड्रममध्ये सोडायची, एक ड्रम शिजला की त्याचा कॉक बंद करून दुसऱ्याचा उघडायचा. वेळ वाचतो, सरपण वाचतं, हळद एकसारखी शिजते.

पण पाण्याची वाफ झाली की, साध्या हवेच्या दाबाला, तिचं आकारमान सुमारे १,६०० पट होतं. आता समजा, खाली जाळ जोरात आहे आणि गडबडीत सगळ्या ड्रमचे कॉक एकाच वेळी बंद झाले. वाफ तयार होतच राहणार, तिला बाहेर पडायला वाट नाही. अशा वेळी माणसं आणि अपघात यांच्यामध्ये एकच वस्तू उभी असते: सेफ्टी व्हॉल्व्ह.

घरचा कुकर आठवा. त्यावर दोन सोयी असतात. शिट्टी म्हणजे एक वजन. आतला दाब त्या वजनाला उचलण्याइतका झाला की वाफ सुटते. आणि शिट्टीचं भोक डाळीने बुजलं तर झाकणावरचा लहान सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. एक वाट बंद झाली तर दुसरी हवी, हा विचार तिथे आधीच केलेला आहे. मोठ्या बॉयलरवर एकाऐवजी दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवतात, ते याच कारणाने.

वाफेच्या लाइनवर व्हॉल्व्ह निवडताना चार गोष्टी बघायच्या असतात.

एक, सेफ्टी व्हॉल्व्हची क्षमता. जाळ पूर्ण जोरात असताना टाकीत जितकी वाफ तयार होते, तितकी सगळी त्याच्यातून बाहेर पडली पाहिजे. अर्ध्या इंची व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडेलही, पण तेवढ्या भोकातून सगळी वाफ बाहेर गेली नाही तर दाब वाढतच राहील.

दोन, टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कुठलाही चालू-बंद कॉक नसावा. तो चुकून बंद राहिला तर सेफ्टी व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.

तीन, पाण्याच्या लाइनवरचा प्लास्टिकचा कॉक वाफेला लावायचा नाही. साधं पीव्हीसी ६० अंशांच्या आसपासच ताकद गमावू लागतं, आणि वाफ १०० अंशांच्या वरच असते.

चार, वाफेचा मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडणारा असलेला बरा. थंड पाइपात थोडं पाणी साचलेलं असतं. बॉल व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडला की वाफ त्या पाण्याला गोळीसारखं पुढे फेकते आणि ते वळणावर, जोडावर आदळतं. ग्लोब व्हॉल्व्ह फेऱ्या मारत उघडावा लागतो, त्यामुळे पाइप आधी गरम होतो.

बॉयलरचा १९२३ चा जुना कायदा जाऊन आता २०२५ चा बॉयलर कायदा आला आहे. साधारणपणे २५ लिटरपेक्षा मोठं आणि १ किलोपेक्षा जास्त दाबावर चालणारं वाफेचं बंद भांडं कायद्याच्या भाषेत बॉयलर ठरतं. त्यामुळे कुकर विकत किंवा भाड्याने घेताना "हा किती दाबावर चालतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह किती दाबाला सेट केलाय?" हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतोय म्हणून त्याला तार बांधणं, वर दगड ठेवणं, खुंटी ठोकणं हे जिवावरचं काम आहे. तो सारखा सुटत असेल तर जाळ कमी करायचा किंवा व्हॉल्व्ह बदलायचा.

याची किंमत जगाने मोजलेली आहे. ६ जुलै १९८८ ला ब्रिटनजवळ उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्या जागी नुसतं झाकण लावलं होतं. रात्रपाळीच्या लोकांना हे माहीत नव्हतं. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला. झाकणातून वायू सुटला, स्फोट झाला. १६७ माणसं गेली.

गावच्या पाणी योजनेत व्हॉल्व्ह इतक्या लवकर का बिघडतात?

आता आपल्या गल्लीत येऊया. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी हे त्याचं उद्दिष्ट. २०२५ च्या अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. टाकी, पाइप, नळजोडण्या यांवर बरीच चर्चा होते, व्हॉल्व्हवर फारशी होत नाही.

गावात काय होतं ते बघा. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दर १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब. टाकीपेक्षा ३० मीटर खाली असलेल्या आळीत पाणी जोरात येतं, आणि जवळपास टाकीइतक्याच उंचीवर असलेल्या वस्तीत नळाला नुसता हवेचा आवाज येतो. मग पाणी सोडणारा कर्मचारी खालच्या आळीचा स्लुईस व्हॉल्व्ह अर्धा बंद करतो, म्हणजे वरच्या वस्तीला पाणी चढेल.

त्याचा हेतू चांगला आहे, पण व्हॉल्व्ह चुकीचा आहे. स्लुईस व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद यासाठीच बनवलेला असतो. अर्धवट ठेवला की पाट थरथरतो, खालच्या फटीतून पाणी जोराने जातं, सोबतची वाळू सील आणि बैठक झिजवते. वर्ष-दोन वर्षांत तो पूर्ण बंदच होत नाही. मग लाइन दुरुस्त करायची म्हटलं तर अख्ख्या गावाचं पाणी बंद करावं लागतं.

यावर उपाय काय? जिथे कायम प्रवाह आवरायचा आहे तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह किंवा नियमनासाठी चालणारा व्हॉल्व्ह बसवायचा. त्यासाठी पैसे नसतील तर आळीनुसार वेळ वाटून द्यायची, आणि ज्या आळीची पाळी तिचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, बाकीचे पूर्ण बंद.

दुसरं दुखणं म्हणजे पाण्याचा मार, ज्याला इंजिनिअर लोक वॉटर हॅमर म्हणतात. पाइपातलं पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने जातंय आणि तुम्ही ते अचानक अडवलं, तर लोखंडी पाइपात क्षणभर सुमारे १० किलो जादा दाब उसळतो. प्लास्टिकच्या पाइपात तो कमी, साधारण ३ ते ४ किलो. 'अचानक' म्हणजे किती? दाबाची लाट लोखंडी पाइपातून सेकंदाला साधारण १,००० मीटर धावते. पाइप ३ किलोमीटरचा असेल तर लाटेला टोकापर्यंत जाऊन परत यायला ६ सेकंद लागतात. त्याहून कमी वेळात व्हॉल्व्ह बंद केला तर पूर्ण मार बसतो.

म्हणूनच लांब, मोठ्या लाइनवर दांडा फिरवून झटक्यात बंद होणारा व्हॉल्व्ह धोक्याचा. पन्नास फेरे मारून बंद होणाऱ्या स्लुईस व्हॉल्व्हला आपण वैतागतो, पण त्याचा तो संथपणाच पाइप वाचवतो. वीज गेली की हाच मार पंपाकडे येतो. चढावरचं पाणी उलटं फिरतं आणि एनआरव्हीवर आदळतं. म्हणून पंपाजवळचा एनआरव्ही पाणी उलटं फिरायच्या आत बंद होणारा हवा.

तिसरी गोष्ट एअर व्हॉल्व्ह. पाइपलाइनच्या प्रत्येक उंच जागी तो लागतो. लाइन भरताना आतली हवा तो बाहेर सोडतो. ती अडकली तर वाट अरुंद होते आणि नळ थुंकल्यासारखं पाणी देतो. लाइन रिकामी होताना तो बाहेरची हवा आत घेतो. ती मिळाली नाही तर पाइपात पोकळी तयार होते. औंढ्यात जी पोकळी एवढा खर्च करून तयार करायची आहे, ती इथे नको असते. कारण पाइपाच्या सैल जोडातून, भेगेतून ती बाहेरचं जे असेल ते ओढून घेते.

मराठवाड्यात एअर व्हॉल्व्हच्या गळक्या चेंबरवर घागरी लावून पाणी भरणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. उन्हाळ्यात कित्येकांचा तोच आधार असतो. पण पाणी बंद झालं की तोच व्हॉल्व्ह हवा आत घेतो, आणि चेंबरमध्ये डबकं साचलेलं असेल तर हवेऐवजी डबक्यातलं पाणी आत जातं. दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या तरी हंड्यात येतं. तिथे भरणाऱ्यांना दोष देऊन प्रश्न सुटत नाही. व्हॉल्व्ह चेंबरच्या तळापासून उंच बसवणं, चेंबरमधलं पाणी निघून जायला वाट ठेवणं आणि लोकांना भरायला शेजारी वेगळा नळ देणं हे काम योजना करणाऱ्यांचं आहे.

दिवा म्हणतो 'बंद', पण व्हॉल्व्ह खरंच बंद आहे का?

मोठ्या कारखान्यांत आणि नव्या पाणी योजनांत व्हॉल्व्ह बटणावर चालतात. इथे आणखी एक प्रश्न येतो: वीज किंवा हवेचा दाब गेला तर व्हॉल्व्हने कोणत्या स्थितीत थांबावं?

भट्टीला इंधन देणारा व्हॉल्व्ह अशा वेळी आपोआप बंद व्हायला हवा. यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह मात्र उघडा राहायला हवा. एकाच कारखान्यात, एकाच मापाचे दोन व्हॉल्व्ह, पण बिघडण्याची 'बरोबर' बाजू उलटी. हे खरेदीच्या वेळीच ठरवावं लागतं.

२८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि परत बंद झालाच नाही. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र तो बंद असल्याचं सुचवत होता. कारण त्या दिव्याला फक्त 'बंद हो' हा आदेश गेल्याचं कळत होतं, व्हॉल्व्हचा पाट खरंच बसला की नाही हे नाही. कर्मचाऱ्यांनी दिव्यावर विश्वास ठेवला आणि आणीबाणीचं थंड पाणी कमी केलं. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निघून जात राहिलं आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा सुमारे अर्धा भाग वितळला.

म्हणून महत्त्वाच्या जागी आदेश दाखवणारा नाही, तर प्रत्यक्ष स्थिती दाखवणारा व्हॉल्व्ह घ्यायचा.

मग चूक नेमकी होते कुठे?

बहुतेक चुका कागदावरच होतात. अंदाजपत्रकात '१०० मिमी व्हॉल्व्ह, नग ६' एवढंच लिहिलं, तर ठेकेदार त्या मापाचा सगळ्यात स्वस्त व्हॉल्व्ह आणणार. त्याला दोष देता येत नाही, कारण मागितलंच तेवढं होतं.

खरं तर मानकं तयार आहेत. पाणीपुरवठ्याच्या स्लुईस व्हॉल्व्हसाठी आयएस १४८४६, एअर व्हॉल्व्हसाठी आयएस १४८४५, एनआरव्हीसाठी आयएस ५३१२, बटरफ्लायसाठी आयएस १३०९५. व्हॉल्व्हच्या अंगावर पीएन १० किंवा पीएन १६ असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो साधारण १० किंवा १६ किलो दाबासाठी आहे. हा दाब थंड पाण्याचा. तापमान वाढलं की त्याच व्हॉल्व्हची दाब सोसण्याची ताकद कमी होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दुसरी चूक स्वस्ताची. व्हॉल्व्हची किंमत पूर्ण योजनेच्या मानाने किरकोळ असते. पण तो जमिनीखाली गेला की बदलायला रस्ता खोदावा लागतो, पाणी बंद ठेवावं लागतं, मजुरी लागते. खरेदीत वाचवलेले पैसे पहिल्याच दुरुस्तीत जातात.

तिसरी चूक देखभालीची. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत राहिलेला व्हॉल्व्ह गंजून अडकतो आणि नेमका गरजेच्या वेळी फिरत नाही. वर्षातून दोनदा प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुन्हा पूर्ण उघडून ठेवला, तर हा त्रास बराच टळतो. याला खर्च येतो तो फक्त एका माणसाच्या दोन दिवसांचा.

तुमच्या गावात काम चालू असेल तर काय विचाराल?

ग्रामसभेत, पाणी समितीत किंवा कुकर विकत घेताना हे सात प्रश्न विचारा.

१. या जागी व्हॉल्व्हचं काम काय: चालू-बंद, कमी-जास्त, एकतर्फी की दाब सोडणं?

२. पाइपातून काय जातं: स्वच्छ पाणी, गाळाचं पाणी, वाफ, की घट्ट माल?

३. जास्तीत जास्त दाब आणि तापमान किती? व्हॉल्व्ह तेवढ्याला चालतो का?

४. बंद म्हणजे किती बंद हवं? थोडं गळलं तर काय नुकसान?

५. तो किती वेळात बंद होतो? लाइन लांब असेल तर झटक्यात बंद होणारा नको.

६. तो बिघडला तर उघडा राहिलेला बरा की बंद राहिलेला?

७. दुरुस्त कोण करणार, सुटे भाग कुठे मिळणार आणि माणूस त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो का?

औंढ्यात बसणाऱ्या प्रत्येक मोठ्या व्हॉल्व्हसाठी हे सगळे प्रश्न कागदावर लिहिले जातील, उत्तरं तपासली जातील, बसवण्याआधी गळतीची चाचणी होईल. २,६०० कोटींच्या प्रकल्पात ते व्हायलाच हवं. पण त्याच जिल्ह्यातल्या हळदीच्या कुकरशेजारी उभं राहणाऱ्या मजुराचा जीव आणि वरच्या वस्तीवरच्या बाईचा हंडासुद्धा व्हॉल्व्हवरच अवलंबून आहे. त्यांच्यासाठी हे प्रश्न विचारायला शास्त्रज्ञ येणार नाहीत. ते आपल्यालाच विचारावे लागतील, आणि विचारायची योग्य वेळ म्हणजे खड्डा बुजवायच्या आधी.